प्रश्न कोणाचा, अहवाल कोणासाठी?

(शिरूर व दौंड तालुक्यांत काम करणाऱ्या संस्थांच्या कार्यकर्त्या आणि महाविद्यालयांतील शिक्षक यांच्या एकत्रित बैठकीत केलेले भाषण. छपाईसाठी थोडे संपादन केले आहे.)



आज आपण एका साध्या वाटणाऱ्या विषयावर बोलायला जमलो आहोत. महाविद्यालयांतले विद्यार्थी आपल्या संस्थांमध्ये, आपल्या गावांमध्ये अभ्यासक्रमाचा प्रकल्प करायला येतात. ते यावेत का, हा आज प्रश्न नाही. ते येणारच आहेत. कोणत्या अटींवर यावेत आणि त्या अटी कोणी ठरवायच्या, हा प्रश्न आहे.

पूर्वी आपल्याकडे येत ते मुख्यतः समाजकार्याचे विद्यार्थी. मीही त्यांच्यातलीच एक. आता चित्र बदलले आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात पदवीची जी नवी रचना आली, तिच्यात कला, वाणिज्य, विज्ञान अशा सर्व शाखांना फील्ड प्रोजेक्ट, समाजाशी जोडणारे उपक्रम आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण यांसाठी क्रेडिट ठेवलेले आहेत. क्रेडिट म्हणजे गुण, आणि गुण म्हणजे सक्ती. दोन क्रेडिटचे प्रत्यक्ष काम धरले तर साधारण साठ तास होतात. प्रत्येक मुलाला आणि मुलीला हे साठ तास कुठेतरी भरायचे आहेत. शिरूर, दौंड, शिक्रापूर, केडगाव, पाटस या भागांतल्या संस्थांकडे आणि बचत गटांकडे त्यासाठी पत्रे येऊ लागली आहेत. पुण्याहूनही येतात. 'आमच्या चाळीस विद्यार्थ्यांना आपल्या संस्थेत प्रकल्पाची संधी द्यावी ही विनंती.' पत्रात विद्यार्थ्यांची संख्या असते आणि तारीख असते. ते काय करणार हे मात्र नसते.

या पत्राला काय उत्तर द्यायचे, एवढाच माझ्या बोलण्याचा विषय आहे.

शिकण्याची ही पद्धत आली कुठून?

आधी थोडा इतिहास पाहू, कारण त्यातून आपला हक्क कळतो. आपल्या देशातले समाजकार्याचे शिक्षण विद्यापीठाच्या इमारतीत जन्मले नाही. मुंबईत भायखळ्याजवळ नागपाडा नेबरहूड हाऊस नावाचे वस्तीकेंद्र होते. क्लिफर्ड मॅनशार्ट ते चालवत. तेथेच 1936 मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. म्हणजे वस्तीतले काम आधी आणि शाळा नंतर. पुण्यात 1963 पासून कर्वे समाज सेवा संस्थेत हे शिक्षण मिळते. या सर्व ठिकाणी क्षेत्रकार्य हा अभ्यासक्रमाचा कणा मानला गेला. आठवड्यातले साधारण दोन दिवस संस्थेत काम, बाकीचे दिवस वर्ग, अशी दोन वर्षे. रोजच्या कामाची नोंद लिहायची, ती शिक्षकांनी वाचायची, त्यावर दर आठवड्याला समोरासमोर बसून चर्चा करायची. संस्थेतली एक कार्यकर्ती त्या विद्यार्थिनीची जबाबदारी घेणार. शेवटी महिनाभर ब्लॉक प्लेसमेंट.

हे मी कौतुकासाठी सांगत नाही. या पद्धतीतही पुष्कळ ढिसाळपणा चालतो. पण तिच्यात तीन गोष्टी होत्या: वेळ, देखरेख आणि जबाबदारीची नावे. नव्या रचनेत साठ तास आहेत. वाणिज्य शाखेच्या शिक्षकांना क्षेत्रकार्याची देखरेख कशी करतात हे कोणी शिकवलेले नाही, आणि एकेका शिक्षकावर साठ-सत्तर मुले सोपवलेली असतात. दोष त्या शिक्षकांचा नाही. पण ओझे मात्र घसरत घसरत आपल्या अंगावर येते, आणि आपल्याकडून गावातल्या बाईवर.

याच इतिहासात विद्यापीठ आणि समाज मिळून काय उभे करू शकतात याचीही उदाहरणे आहेत. 1984 मध्ये टाटा इन्स्टिट्यूटने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. हिंसा सोसून पोलिसांकडे आलेल्या बाईला तिथेच प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ती भेटावी, ही कल्पना. तेथे विद्यार्थी शिकले, पण परीक्षा झाली म्हणून कक्ष बंद पडला नाही. पुढे राज्य शासनाने ही पद्धत स्वीकारली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत असे कक्ष निघाले. 1996 मध्ये त्याच संस्थेच्या एका प्रकल्पातून मुंबईत चाइल्डलाइनचा 1098 हा क्रमांक सुरू झाला आणि देशभर पसरला. 2023 पासून ही सेवा शासनाच्या यंत्रणेत गेली आहे. या दोन्ही ठिकाणी सुरुवात झाली ती रस्त्यावरच्या मुलाच्या आणि मार खाणाऱ्या बाईच्या गरजेपासून. पेपरात काय विचारणार यापासून नव्हे.

दुसरीकडे राष्ट्रीय सेवा योजना आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 ला, 37 विद्यापीठांत ती सुरू झाली. आपल्या तालुक्यांतल्या बहुतेक गावांनी तिची सात दिवसांची शिबिरे पाहिली आहेत. शाळेत मुक्काम, सकाळी श्रमदान, संध्याकाळी पथनाट्य, शेवटच्या दिवशी गावजेवण. या शिबिरांनी शहरातल्या मुलांना गाव दाखवले हे खरे. पण त्या पथनाट्यात हुंडा घेणारा बाप आणि दारू पिणारा नवरा नेहमी कुठल्यातरी अनाम गावचा असतो. ज्या गावात शिबिर आहे, त्या गावातल्या बायकांना या वर्षी काय हवे आहे, हे विचारून शिबिराचा विषय ठरल्याचे मी फार कमी वेळा पाहिले आहे.

आपल्याच तालुक्यांतले दोन धडे

खऱ्या कामातून शिक्षण हा विचार आपल्या भागाला नवा नाही. दौंड तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, दुष्काळातून वाचवलेल्या मुली आणि बायका यांना घेऊन मुक्ती सदन वसवले. तेथे अक्षरओळख आणि काम वेगळे नव्हते. मुली शेतात राबत, विणत, शिवत, छापखान्यात खिळे जुळवत. रमाबाईंचे बायबलचे मराठी भाषांतर तिथल्याच छापखान्यात छापले गेले. रमाबाईंच्या धर्मविचाराशी आपले मतभेद असू शकतात. पण बाईच्या हाताला आलेले कौशल्य तिच्याच संसाराच्या आणि संस्थेच्या उपयोगी पडले पाहिजे, ही त्यांची दृष्टी शंभर वर्षांनंतरही आपल्या कामाची आहे.

दुसरा धडा शिरूर तालुक्यातला, पाबळचा. केंदूर, पाबळ, कान्हूर मेसाई हा आपला कोरडा पट्टा. 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. ते शास्त्रज्ञ, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले. शाळेतून गळालेली मुले हाताने काम करत करत विज्ञान शिकू शकतात, हे त्यांना दाखवायचे होते. वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया अशी कामे मुलांनी शिकायची आणि ती गावासाठी करायची. पुढे हाच विचार शाळांमध्ये मूलभूत तंत्रज्ञानाच्या विषयाच्या रूपाने गेला. 2002 मध्ये अमेरिकेतल्या एम.आय.टी.च्या मदतीने तेथे फॅब लॅब सुरू झाली. बाहेरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलेही तिथे प्रकल्प करायला येतात.

पाबळच्या पद्धतीतली एक गोष्ट मला आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची वाटते. तेथे विद्यार्थ्यांनी गावासाठी केलेल्या कामाचे पैसे घेतले जात. फाटक बनवले तर फाटकाचे पैसे. यात व्यापार नाही, यात शिस्त आहे. ज्याने पैसे दिले तो म्हणू शकतो, 'बाई, हे फाटक नीट लागत नाही, परत करून द्या.' मुलाला ते परत करून द्यावे लागते. तिथे तो शिकतो. परीक्षकाने दिलेल्या गुणांपेक्षा गिऱ्हाइकाची तक्रार त्याला जास्त शिकवते.

आता हेच आपल्या बायकांच्या बाबतीत लावून पाहा. एक विद्यार्थिनी येते, तासभर प्रश्न विचारते, वही भरून घेऊन जाते. त्या बाईला 'हे नीट लागत नाही, परत करा' असे म्हणायची सोय कुठे आहे? अहवाल तिने पाहिलेलाच नसतो. तो महाविद्यालयाच्या कपाटात असतो, स्पायरल बाइंडिंग करून. तिच्या आयुष्याबद्दल त्यात काय लिहिले आहे, ते खरे आहे का, हे तपासण्याचा अधिकार जिला सर्वांत जास्त तिलाच तो मिळत नाही.

गावात प्रत्यक्ष काय होते

पहिली अडचण वेळेची. महाविद्यालयाचे दुसरे सत्र डिसेंबर ते एप्रिल. आपल्याकडे हेच महिने कामाचे. दिवाळीनंतर बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कारखान्यांच्या आणि गुऱ्हाळांच्या आसपास कोप्या उभ्या राहतात. त्या बायका पहाटे अंधारात फडात जातात आणि संध्याकाळी परतल्यावर स्वयंपाकाला लागतात. स्थानिक बायकांची कांद्याची लागण, खुरपणी, पुढे काढणी याच दिवसांत. ज्या बाईची हजेरी बुडते तिला प्रश्नावलीची किंमत रोख मोजावी लागते. मार्चमध्ये अहवालाची घाई होते तेव्हा टोळ्या परतायच्या तयारीत असतात. म्हणजे प्रश्न विचारले त्या बायका अहवाल तयार होईपर्यंत या तालुक्यातही नसतात.

दुसरी अडचण तेच तेच विचारण्याची. घरात किती माणसे, शिक्षण किती, उत्पन्न किती, संडास आहे का, गॅस आहे का. ही माहिती अंगणवाडीताईकडे आहे, आशाताईकडे आहे, ग्रामपंचायतीत आहे. तरी प्रत्येक तुकडी पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात करते. एकाच वस्तीवर एका वर्षात तीन महाविद्यालयांनी 'सामाजिक व आर्थिक पाहणी' केल्याचे मी पाहिले आहे. तिसऱ्या खेपेला बायका ठरलेली उत्तरे देतात किंवा घरकुलाची यादी आली असे समजून कागद घेऊन धावतात. दोन्हींत फसवणूक आहे. पहिल्यात विद्यार्थ्यांची, दुसऱ्यात बायकांची.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर. 'कौटुंबिक हिंसाचार' हा विषय विद्यार्थ्यांना आवडतो. आपल्या भागात असे घडले आहे की विद्यार्थिनी घरात गेली, सासू समोर बसलेली, दीर दारात उभा, आणि तिने प्रश्नावलीतला नंबरचा प्रश्न वाचला: 'तुमचे पती तुम्हाला मारहाण करतात का? होय, नाही, कधी कधी.' बाईने 'नाही' म्हटले. विद्यार्थिनीने 'नाही'वर खूण केली. ती गेल्यावर घरात विचारणा झाली की या पोरींना आपल्या घरचे कोणी सांगितले. त्या बाईला त्या रात्री काय सोसावे लागले ते आमच्या कार्यकर्तीला आठ दिवसांनी कळले. अहवालात त्या घरात हिंसा नाही अशी नोंद झाली.

स्त्रियांवरील हिंसेचा अभ्यास कसा करावा यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2001 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा पहिला नियम असा की माहितीपेक्षा बाईची सुरक्षितता महत्त्वाची. मुलाखत एकांतात घ्यावी, एका घरातल्या एकाच बाईला विचारावे, विचारणारीला खास प्रशिक्षण द्यावे, आणि मदत हवी असणाऱ्या बाईला ती कुठे मिळेल याची व्यवस्था आधीच करून ठेवावी. साठ तासांच्या प्रकल्पात यातले काहीही शक्य नाही. म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांनी घरोघर जाऊन हिंसेची पाहणी करू नये. आपण ती करू देऊ नये. महाविद्यालय कितीही मोठे असो आणि पत्रावर कोणाचीही सही असो.

मग विद्यार्थ्यांनी करायचे काय?

भरपूर करता येण्यासारखे आहे. साठ तासांत बाईचे दुःख समजणार नाही, पण सरकारी दप्तर समजू शकते. ज्या प्रश्नाचे उत्तर बाईच्या जखमेत नसून नोंदवहीत आहे, तो प्रश्न विद्यार्थ्यांना द्यावा.

एक उदाहरण घेऊ. ग्रामपंचायतीत घरांच्या कर आकारणीची नोंदवही असते, तिला आपण नमुना 8 म्हणतो. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर करता येते, हे आपण मेळाव्यांतून सांगत आलो आहोत. पण आपल्या गावात किती घरांवर खरोखर बायकांची नावे लागली? किती नोंदी विधवा झाल्यावर वारसाने लागल्या आणि किती नवरा जिवंत असताना? कोणत्या वस्तीत एकही नाही? हे बहुतेक संस्थांना आपल्याच गावाबद्दल सांगता येत नाही, कारण आपल्याकडे नोंदवही उतरवून घेऊन मोजदाद करायला माणसे नाहीत. वाणिज्य शाखेची मुले हे काम आपल्यापेक्षा चांगले करतील. चार मुली, बचत गटाच्या दोन बायका बरोबर, ग्रामसेवकांची परवानगी, आणि चार-पाच दिवस. त्यानंतर आकड्यांचा एक तक्ता. कोणा बाईला एकही खाजगी प्रश्न विचारावा लागत नाही.

हा तक्ता कपाटात ठेवण्याचा नाही. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी अशी तरतूद महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. 26 जानेवारीच्या किंवा 1 मेच्या ग्रामसभेआधी त्या महिला सभेत विद्यार्थिनींनी तक्ता भिंतीवर लावून वाचून दाखवावा. बायका लगेच म्हणतील, 'हे चुकले, हिचे नाव मागच्या साली लागले,' किंवा 'यात आमची वस्ती कुठे आहे?' हीच ती पाबळची तक्रार. फाटक नीट लागत नाही ते सांगणारे गिऱ्हाईक. मुलींनी तक्ता दुरुस्त करावा आणि दुसऱ्या दिवशी बायकांनी अर्ज द्यावेत.

अशी कामे पुष्कळ आहेत. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे पात्र कुटुंबाच्या रेशनकार्डावर घरातली अठरा वर्षांवरील सर्वांत मोठी बाई कुटुंबप्रमुख असायला हवी. आपल्या गावात तसे आहे का, ते रेशन दुकानात तपासता येईल. एस.टी.च्या फेऱ्या महाविद्यालयाच्या वेळेशी जुळतात का, मुलींना किती वेळ स्टँडवर थांबावे लागते, याचा महिनाभराचा तक्ता करून आगारप्रमुखांना देता येईल. हा अभ्यास तर मुलींचा स्वतःचाच आहे. रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत कंत्राटी बायका कामाला जातात. त्यांच्यासाठी कारखान्याच्या गेटवर अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांची नावे लावलेली आहेत का, एवढेच पाहून लिहिता येईल. ऊसतोड टोळ्यांच्या कोप्यांपासून पाणी किती अंतरावर आहे, आणि टोळीतली किती मुले जवळच्या शाळेत किंवा अंगणवाडीत नोंदवली गेली, हे शिक्षक आणि अंगणवाडीताईंकडून समजून घेता येईल.

प्रश्न गरजवंताने द्यायचा, हे तत्त्व मोठ्या संस्थांनीही मानले आहे. आय.आय.टी. मुंबईच्या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्रातले विद्यार्थी गावात काही आठवडे राहून पाण्याच्या योजनांचा अभ्यास करतात. त्याच अनुभवातून 2016 मध्ये राज्य शासनाने उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केले. जिल्ह्याच्या कार्यालयांनी आपल्यापुढचे प्रश्न मांडायचे आणि जवळच्या महाविद्यालयांनी ते सोडवायला घ्यायचे, असा त्याचा विचार आहे. तेथे प्रश्न मांडणारे जिल्हाधिकारी किंवा अभियंते आहेत. मी एवढेच म्हणते आहे की प्रश्न मांडणाऱ्यांच्या रांगेत महिला सभा आणि बचत गटही उभे राहिले पाहिजेत.

आपल्या अटी

पत्र आले की त्याला उत्तर म्हणून आपण एक पान पाठवावे. त्यावर सहा गोष्टी असाव्यात.

पहिली: विषय संस्था देईल. दर वर्षी मे-जूनमध्ये आपल्या गटांच्या बैठकीत बायकांना विचारून पाच-सहा विषयांची यादी आपण करू आणि महाविद्यालयांना सत्र सुरू होण्याआधी देऊ. यादीबाहेरचा विषय हवा असेल तर आधी चर्चा.

दुसरी: एका वेळी चार किंवा पाच विद्यार्थी. चाळीस नाहीत. एका कार्यकर्तीला तिचे रोजचे काम सांभाळून एवढ्यांकडेच लक्ष देता येते.

तिसरी: शिक्षकांनी सत्रात निदान तीन वेळा प्रत्यक्ष यायचे. सुरुवातीला, मध्ये आणि महिला सभेत अहवाल वाचला जाईल त्या दिवशी. शिक्षक येणार नसतील तर विद्यार्थीही घेऊ नयेत.

चौथी: जी माहिती सरकारी दप्तरात आहे ती बायकांना विचारायची नाही. बायकांना बसवायचे असेल तर त्यांच्या सोयीने, आणि हजेरी बुडणार असेल तर मुळीच नाही. नाव, फोटो, मोबाइलवरचे रेकॉर्डिंग बाईच्या संमतीशिवाय नाही. फोटो काढून लगेच महाविद्यालयाच्या ग्रुपवर टाकणे हा आता फार मोठा उपद्रव झाला आहे.

पाचवी: काम करताना एखाद्या बाईने मारहाणीची गोष्ट विद्यार्थिनीकडे काढलीच तर तिने सल्ला देऊ नये, वहीतही लिहू नये. शांतपणे ऐकावे आणि बाईची इच्छा असेल तर आमच्या कार्यकर्तीशी गाठ घालून द्यावी. पुढे संरक्षण अधिकारी, पोलीस ठाणे, वकील हे सारे आम्ही पाहू.

सहावी: मराठीत लिहिलेली अहवालाची एक प्रत संस्थेत राहील आणि गुण देण्याआधी तो महिला सभेत किंवा गटात वाचला जाईल. शक्य असेल तर गुणांमधला काही भाग संस्थेच्या अभिप्रायावर असावा. शिक्षक मित्रांनो, तुमच्या हातात असलेल्या अंतर्गत गुणांत तुम्ही हे आजच करू शकता.

विद्यार्थिनींची बाजू

आता थोडे विद्यार्थिनींबद्दल. आपण त्यांना नुसत्या पाहुण्या समजू नये. आपल्या तालुक्यांतल्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या कितीतरी मुली त्यांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या पहिल्याच आहेत. कोणाची आई खुरपायला जाते, कोणाचे आईवडील एकेकाळी कोयत्यावर होते. गावातल्या बाईशी कसे बोलावे हे त्यांना शिकवावे लागत नाही. शिकवावे लागते ते हे, की आपल्या आईच्या आयुष्यातली गोष्ट हा अभ्यासाचा विषय आहे आणि ती नमुना 8 मधल्या आकड्याशी जोडता येते. हे एकदा कळले की मुलगी वेगळी होते. ग्रामपंचायतीत ताठ उभी राहून नोंदवही मागणारी मुलगी उद्या स्वतःच्या लग्नाच्या वेळीही काही प्रश्न विचारेल.

त्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी आपली आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात शिकाऊ आणि प्रशिक्षणार्थीही येतात. म्हणजे आपल्या संस्थेत किंवा कारखान्यात प्रशिक्षणाला आलेली विद्यार्थिनी तक्रार करू शकते. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी. त्यापेक्षा लहान संस्था असेल तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. पहिल्या दिवशी प्रत्येक विद्यार्थिनीला हे सांगितले पाहिजे, समितीतल्या बाईचे नाव आणि फोन दिला पाहिजे. शेवटची एस.टी. कधी आहे ते पाहून काम संपवले पाहिजे. स्त्रियांच्या हक्कांचे काम करणाऱ्या संस्थेत मुलीला संध्याकाळी सातला फाट्यावर एकटीला उभे राहावे लागत असेल तर आपण कोणते हक्क शिकवतो?

आणि एक गोष्ट. विद्यार्थी म्हणजे फुकटचे हात नव्हेत. शिधावाटपाची पाकिटे भरायला, मेळाव्यात खुर्च्या मांडायला, फाइलींची धूळ झटकायला त्यांचे साठ तास वापरणाऱ्या संस्थाही आहेत. आपण त्यांना अटी घालतो तेव्हा आपल्यालाही अटी आहेत. काम असे द्यावे की ज्यात विचार करावा लागेल, आणि रोज अर्धा तास त्यांच्याशी बसून बोलावे.

मैत्रिणींनो, आपल्याला वाटते की महाविद्यालयाचे पत्र म्हणजे मान. नाही म्हटले तर संबंध बिघडतील, पुढे कोणी व्याख्यानाला बोलावणार नाही. मला वाटते उलट आहे. ज्या संस्थेला आपले प्रश्न माहीत आहेत आणि ती ते कागदावर लिहून देते, तिच्याकडे चांगले शिक्षक पुन्हा पुन्हा येतात. वाईट प्रकल्पाला नकार देणे हे चांगल्या प्रकल्पासाठी जागा ठेवणे आहे.

म्हणून माझी विनंती अशी. येत्या मे महिन्यात प्रत्येक गटाच्या बैठकीत एक प्रश्न विचारा: 'महाविद्यालयातल्या चार हुशार पोरी आपल्याकडे पंधरा दिवस आल्या तर त्यांच्याकडून काय मोजून घ्यायचे?' उत्तरे लिहून ठेवा. शिरूर आणि दौंडच्या आपण सगळ्या संस्था मिळून ती यादी एकत्र करू आणि जूनमध्ये महाविद्यालयांना देऊ. शिक्षक मित्रांनो, तुम्ही ती यादी वर्गात वाचून दाखवा आणि मुलांना निवडू द्या. एवढे झाले तरी पुढच्या वर्षी आपल्याकडे येणारे पत्र वेगळे असेल. त्यात विद्यार्थ्यांच्या संख्येच्या आधी प्रश्न लिहिलेला असेल, आणि तो आपल्या बायकांनी दिलेला असेल.